खळ्यात पायताण न्हाई

आयुष्यातला पहिला गोल्फ मी शेणावर खेळले. हे वाक्य मी मोठमोठ्या क्लबांच्या जेवणावळीत सांगते, आणि मुद्दाम सूप आल्यावरच सांगते. समोरच्या गृहस्थांचा चमचा हवेत थांबतो, त्यांच्या बायका आधी माझ्याकडे आणि मग माझ्या हातांकडे बघतात. मी सावकाश पाण्याचा एक घोट घेते, रुमालाने ओठ टिपते आणि पुढचं सांगायला लागते. आता माझे गुडघे माझ्या आधी बोलतात, स्पर्धा सोडूनही बरीच वर्षं झाली, आणि ज्यांना मी खेळायला शिकवते त्यातले निम्मे लोक खेळापेक्षा माझ्या गोष्टी ऐकायलाच येतात असा मला दाट संशय आहे. येऊ देत बापडे. शिकवणीची फी तेवढीच लागते.

तर सिद्धेश्वरच्या धरणावर माझे बाबा गेटवर खलाशी होते, म्हणजे धरणाची दारं उघडणारे-मिटणारे. पूर्णेचं पाणी सोडायचं असलं की आधी भोंगा व्हायचा, मग लोखंडी दारं करकरत वर जायची, आणि आमच्या क्वार्टरमधल्या फळीवरची पितळेची भांडी एकमेकींना हळूच धक्के मारायला लागायची. माय चुलीपुढे बसल्या बसल्या, मागे न बघता एक हात फळीला लावायची. ती भांडी, तो हात आणि तव्यावर भाजलेल्या ज्वारीच्या भाकरीचा वास, एवढं मिळून आमचं घर. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी, मागे शेवग्याचं झाड. धरणावर मासे धरणारे लोक संध्याकाळी बाबांना एखादा मरळ देऊन जायचे. मग माय पाट्यावर सुकं खोबरं, लसूण आणि कुरुंद्याच्या मावशीकडून आलेली हळद वाटायची, आणि कालवण उकळायला लागलं की शेजारच्या क्वार्टरमधून कुणीतरी रिकामी वाटी घेऊन मीठ मागायला यायचं. त्या वाटीत मीठ कधीच गेलं नाही. रविवारी सकाळी विहारात वंदना, दुपारी कपडे, संध्याकाळी कॉलनीच्या ओट्यावर बायकांची बैठक. या सगळ्यात गोल्फ कुठून आला, असं तुम्ही विचाराल. तो आला जीपमधून, सातभाई साहेबांच्या बिछान्याशेजारी उभा राहून.

सातभाई साहेब धरणाचे मोठे इंजिनिअर म्हणून बदलून आले. आधी कुठल्याशा लष्करी छावणीच्या गावात असताना त्यांना या खेळाचं वेड लागलं होतं. आमच्याकडे बंगल्यामागे मुरमाड माळ पडलेला. आल्या आल्या त्यांनी तिथे पाच ठिकाणी खड्डे घेतले, खड्ड्यांत वनस्पती तुपाचे रिकामे डबे पुरले, आणि झेंडे म्हणून मोजणीचे लाल-पांढरे बांबू रोवले. कॉलनीला वाटलं, नवा कालवा निघतोय. खुलासा झाल्यावर सगळ्यांची थोडी निराशाच झाली. खेळ तसा सोपा: काठीने बॉल मारत मारत डब्यात घालायचा, जितके कमी फटके तितकं चांगलं. पण डब्याच्या भोवतालची जागा, जिला ग्रीन म्हणतात, ती गुळगुळीत हवी. शेवटी बॉल तिथून अलगद लोटायचा असतो. गवत तर आमच्या माळावर श्रावणापुरतंच यायचं, आणि ते आलं की शेळ्यांना साहेबांच्या आधी कळायचं. साहेबांनी नदीची वाळू टाकून पाहिली, ती वाऱ्यानं उडाली. तेव्हा माय बंगल्यावर झाडलोटीला होती. साहेब तिच्यापुढे हात हलवून हलवून आपलं दुःख सांगत होते, आणि मी तिच्या पदराला धरून ऐकत होते.

"गयाबाई, जागा कशी काचेसारखी पाहिजे. बॉल नुसता घरंगळत गेला पाहिजे."

"म्हंजे खळं पायजे म्हना की."

"खळं?"

"ज्वारी मळायचं खळं. दाना मातीत रुतू नये असं."

"अगदी तेच! अगदी तेच पाहिजे!"

"मंग असं बोला ना साहेब. मगापासून काच काच करून राहिले."

मायनं खडान् खडा वेचला, पाणी मारून जमीन चोपली, शेण आणि पांढरी माती कालवली आणि पाचही डब्यांभोवती अशी सारवली की साहेब बघतच राहिले. सुकल्यावर त्यावर तिच्या पंजाचे अर्धगोल माग दिसायचे, एकात एक गुंतलेले. दुसऱ्या दिवशी साहेब काठी घेऊन ऐटीत आले, आणि काठावर माय झाडू घेऊन उभी.

"साहेब, पायताण."

"हे गोल्फचे बूट आहेत, गयाबाई."

"असतील. खळ्यात पायताण न्हाई."

"पण हे काय खरं खळं थोडंच आहे?"

"सारवायला तर खरं व्हतं. माझ्या मनगटाला इचारा."

साहेबांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा झाडूकडे पाहिलं, आणि खाली बसून नाड्या सोडल्या. त्या दिवसापासून सिद्धेश्वरच्या ग्रीनवर अनवाणी जायचं हा कायदाच झाला. एकदा विभागाचे फार मोठे अधिकारी पाहणीला आले होते. त्यांनाही मायनं सोडलं नाही. बूट काढल्यावर त्यांच्या मोज्यातून अंगठा बाहेर डोकावत होता. पाहणीचा अहवाल फार चांगला आला म्हणतात. त्या अंगठ्याबद्दल कॉलनीत कुणी तोंड उघडू नये, अशी त्यामागे अपेक्षा असावी. मी आज उघडतेय.

साहेबांना खेळायला जोडीदार लागायचा. ओव्हरसियर, कारकून आणि माझे बाबा आळीपाळीने जायचे आणि हरून यायचे. बाबांचा हात खरं तर साहेबांपेक्षा भारी. गेटची चाकं फिरवून खांदे लोखंडाचे झालेले. पण साहेबाला हरवून बदली कोण ओढवून घेणार? एकदा नजरचुकीनं बाबांचा बॉल सरळ डब्यात पडला आणि ते जिंकले, तर त्या दिवशी त्यांना घास गिळेना. "अगं, मुद्दाम न्हाई मारला मी," असं ते मायलाच सांगत बसले. आणि साहेबांनाही ही चोरी कळत होती. जिंकून जिंकून माणूस रडकुंडीला आलेला मी पहिल्यांदा पाहिला तो तिथे. मी बॉल वेचायला मागे मागे फिरायचे. एक दिवस त्यांनी कंटाळून माझ्याच हातात काठी दिली. ती माझ्या छातीपर्यंत येत होती. त्यांनी मला बोटं कशी धरायची ते दाखवलं, डोकं हलवू नको म्हणाले, आणि थोड्याच महिन्यांत मी त्यांना हरवलं. मी सरकारी नोकरीत नव्हते ना! साहेब आनंदानं अनवाणीच नाचले. बाबा मात्र चिंचेमागे उभे राहून, दोन्ही हात कपाळाला लावून माझ्याकडे बघत होते.

माझं सगळं शिक्षण त्या सारवलेल्या तुकड्यांवर झालं. सुकलेल्या शेणावर बॉल बोट लावल्यासारखा पळतो, आणि पळता पळता मायच्या पंजाच्या मागावरून किंचित वळतो. उजव्या हाताचा जोर कुठे जास्त पडलाय, कुठे ती दमली होती, कुठे शेजारणीशी बोलता बोलता हात फिरवलाय, ते मला तळव्यांना कळायचं. आणि मी वाकले की काठावरून तिचा आवाज यायचाच, "हळू, उजे, हळू." तिला खेळातलं दुसरं काही ठाऊक नव्हतं, पण तेवढं तिचं बराबर होतं. जोरात मारलं की बॉल डब्यावरून उडून थेट हौदाकडे जायचा.

पुढे साहेबांची बदली झाली. त्यांच्या कमरेनं तोवर तक्रार सुरू केली होती, म्हणून जाताना त्यांनी आपली काठ्यांची अर्धीमुर्धी बॅग माझ्यासाठी ठेवली. आमच्या घरात प्रत्येक वस्तूला काम करावं लागे, त्यातून काठ्यांचीही सुटका नव्हती. एकीनं माय शेवग्याच्या शेंगा पाडायची, दुसरीनं बाबा माकडं हाकलायचे, आणि सगळ्यात जाड लाकडी मुंडकं असलेली काठी पावसाळ्यात दाराला अडसर म्हणून लागायची. रोज शाळेतून आले की मी घरभरातून काठ्या गोळा करायचे आणि माळावर जायचे. नवे साहेब पत्ते खेळणारे होते, त्यांना माळाशी घेणं-देणं नव्हतं. तरी माय सुट्टीच्या दिवशी पाचही तुकडे सारवतच राहिली. कॉलनीतल्या बायका विचारायच्या, "गयाबाई, साहेब गेले, आता कुनासाठी करून राहिली?" ती म्हणायची, "उलून गेलं, भेगा पडल्या, तर पुन्हा धरत न्हाई बाई." या एका वाक्यावर मी माझी पुढची सगळी वर्षं खेळले आहे, हे तिला कधी पटलं नाही. ती म्हणते, "मी जमिनीचं बोलत व्हते."

मी बारावी झाले आणि घरात नर्सिंगचं ठरलं. नांदेडला बाबांच्या ओळखीच्या एका सिस्टरबाई होत्या, जागा मिळण्यासारखी होती. नेमका त्याच आठवड्यात धरणाच्या ऑफिसात सातभाई साहेबांचा फोन आला. ते निवृत्त होऊन पुण्यात राहत होते. तिथल्या एका क्लबात एका मुलीला वर्षभर ठेवून घेऊन शिकवणार होते, राहणं-खाणं क्लबचं, पुढे व्यावसायिक म्हणून खेळायची वाट. जागा एकच. निवड एका दिवसात, अठरा भोकांच्या एका खेळावर. बाबा फोनवर "हो साहेब, हो साहेब" करत राहिले, आणि घरी येऊन पडवीत बसले ते उठेनातच.

"काय म्हने साहेब?" मायनं विचारलं.

"पोरीला खेळायची नोकरी देऊन राहिले."

"खेळायची?"

"व्हय. खेळायचे पैशे."

माय हसायला लागली. इतकी हसली की तिला पदर तोंडात घालावा लागला. बाबा मात्र हसले नाहीत. ते माझ्याकडे वळले. "उजे, एकदा जाऊन ये. एकच डाव. झालं तर झालं. न्हाई झालं तर बॅग साहेबाला देऊन यायची, सोमवारी नांदेडला फॉर्म भरायचा, अन् पुन्हा या काठीचं नाव काढायचं न्हाई. कबूल?"

"कबूल," मी म्हणाले. माझा आवाज इतका मोठा निघाला की शेजारचं कुत्रं भुंकलं.

पावसाळ्यात गेटवर रजा मिळत नाही, म्हणून माझ्याबरोबर माय निघाली. तिनं डोक्यावर चुंबळ ठेवली, चुंबळीवर बॅग आडवी ठेवली, काखेत भाकरी आणि शेंगदाण्याच्या चटणीचं गाठोडं घेतलं, आणि औंढ्याच्या एसटीत, परभणीच्या फलाटावर, पुण्याच्या रिक्षात अशी सगळीकडे ती बॅग महाराणीसारखी मिरवत नेली. क्लबाच्या फाटकाशी साहेब उभे होते. त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, एका डोळ्यावर हिरवी पट्टी. "मला अर्धंच दिसतंय," ते म्हणाले, "पण तू जिंकशील ते अर्धं दिसलं तरी पुरे." मग ते व्हरांड्यात खुर्चीत बसले आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "कशी मारतेय? कशी मारतेय?" असं विचारत राहिले. मी अजून सुरुवातही केली नव्हती.

मैदान बघून मायचे पाय थांबले. जिकडे नजर जाईल तिकडे हिरवं, ओलं, एकसारखं गवत. तिनं दूरवर पाहिलं, डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं.

"उजे, एवढं गवत, अन् एक बी जनावर काहून न्हाई?"

"इथं जनावरं येऊ देत नाहीत माय."

"मंग कुनासाठी उगवून राहिले?"

मी तिच्या दंडाला धरून तिला पुढे नेलं.

आम्ही पाच मुली होतो. बाकीच्या चौघी पुण्याच्या किंवा छावण्यांच्या गावच्या, त्यांना गवताची सवय. त्यातली रेश्मा नावाची उंच मुलगी सगळ्यांत भारी खेळायची. माझे रंग उडालेले बॉल बघून तिनं स्वतःच्या पिशवीतले तीन कोरे माझ्या हातावर ठेवले. आमच्याबरोबर गुप्ते बाई म्हणून परीक्षक होत्या, जुन्या खेळाडू, पांढरे आखूड केस, आवाज असा की तलावाच्या पलीकडचे बगळे उडावेत. लांबचे फटके माझे चांगले जात होते. मुरमावरून मारून मारून हात असा झाला होता की गवतावरून मारणं म्हणजे ताटातून उचलून खाणं. पण पहिल्या ग्रीनपाशी आले आणि अंगावळणी पडलं होतं तेच केलं. खाली बसले, शाळेच्या कॅनव्हासच्या बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढले. मायनं काठावर चपला काढल्या आणि माझे बूट हातात घेतले. चौघी मुली, त्यांचे बॅगवाले आणि गुप्ते बाई, सगळे आमच्याकडे बघत उभे. कुणाला वाटलं पाय मुरगळला. मी अनवाणी गेले, वाकले, काठावरून "हळू, उजे" आलं, आणि मी मायनं सारवलेल्या जमिनीवर मारावा तसा बॉल हळूच लोटला. तो दोन हात गेला आणि गवतात बसला. अगदी मांडी घालून बसला. पुन्हा लोटला, पुन्हा बसला. पहिल्या भोकाला मी इतके फटके घालवले की गुप्ते बाईंनी "एकदा पुन्हा सांग" म्हणून विचारलं. दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला तेच. गवत बॉलला धरतं, तिथं जोर लावावा लागतो, हे मला दिसत होतं, पण कानात आयुष्यभराचं "हळू" बसलेलं, ते हाताला जोर करू देईना. पाचव्या ग्रीनवर मी दात आवळून मारला, आणि तो गेला. त्यानंतर माझं जमायला लागलं. ओल्या गवताची पाती कुठल्या बाजूला झुकलीत ते अनवाणी तळव्यांना छान कळत होतं. माय "हळू" म्हणायची आणि मी जोरात मारायचे. बॉल आत पडला की ती समाधानानं मान हलवायची. तिला वाटायचं, ऐकतेय पोरगी.

असं करत करत मी मागचं पुष्कळ भरून काढलं. नववं भोक क्लबाच्या इमारतीजवळ होतं. तिथे सफारीतले एक सेक्रेटरी आमची वाट बघत उभे होते. ते गुप्ते बाईंशी खालच्या आवाजात बोलले. मग बाई माझ्याकडे आल्या.

"मुली, इथे मैदानावर पायात बूट हवेत, असा क्लबाचा नियम आहे. मी इतका वेळ बोलले नाही. आता तक्रार आली आहे. बूट घालून पुढे जा, नाहीतर इथेच थांबावं लागेल."

मी बूट घ्यायला हात पुढे केला. मायनं ते पाठीमागे धरले.

"खळ्यात पायताण न्हाई."

"बाई, हे खळं नाही," सेक्रेटरी म्हणाले. माणूस वाईट नव्हता. त्यांना घाम फुटला होता. "गवत आहे नुसतं."

"देवाचं म्हनून न्हाई म्हनत मी. देव-बीव आमच्याकडं न्हाई." मायनं हातानं पलीकडे दाखवलं. ग्रीनच्या कडेला पाच-सहा बायका उकिडव्या बसून खुरप्यानं तण काढत होत्या, तोंडावर पदर, पाठी वाकलेल्या. "त्या बाया सकाळपासून हात फिरवून राहिल्या ह्याच्यावर. मी आल्यापासून बघून राहिले. त्यांच्या म्होरं ह्याच्यावर बूट घालून नाचू का म्हन्ता माझ्या लेकराला?"

त्या बायकांची खुरपी थांबली होती. सेक्रेटरींनी आपल्या बुटांकडे बघितलं आणि ते एक पाऊल मागे सरकून पायवाटेवर उभे राहिले. पण नियम काही मागे सरकला नाही. गुप्ते बाई माझ्याकडे बघत होत्या. मायही माझ्याकडेच बघत होती, आणि तिची खात्री होती की मी आता बॅग उचलून तिच्याबरोबर फाटकाकडे चालायला लागणार. मला सोमवार दिसत होता. नांदेडचा पांढरा फॉर्म दिसत होता. आणि समोर माझा बॉल दिसत होता, भोकापासून जेमतेम सात-आठ हातांवर.

"माय, बूट दे."

"काय?"

"बूट दे. मला खेळायचंय."

मग तिनं बूट माझ्या हातात दिले नाहीत, खाली ठेवले. मी खाली बसून नाड्या बांधल्या. मी ग्रीनवर गेले, बूट घालून, आणि काठावरून काहीही आवाज आला नाही. बॉल आत पडला. मी वळून बघितलं तर माय बॅग खाली ठेवून त्या तण काढणाऱ्या बायकांच्या रांगेत जाऊन बसली होती, माझ्याकडे पाठ करून.

उरलेली नऊ भोकं मी ती बॅग स्वतः खांद्यावर घेऊन चालले. इतक्या वर्षांत मी पुढे देशभर खेळले, परदेशांतही गेले, दोन-तीन चषक घरी आणले आणि त्याहून कितीतरी वेळा निम्म्या स्पर्धेतच नाव कापलं जाऊन रिकाम्या हाताने परतले. पैसे देऊन ठेवलेले उत्तम बॅगवाले मला मिळाले. पण एवढं जड सामान आणि एवढा मोठा शांतपणा मी पुन्हा कधी वाहिला नाही. तळव्यांना काही कळत नव्हतं. कानात कुणी बोलत नव्हतं. प्रत्येक ग्रीनवर मलाच ठरवावं लागत होतं, हळू की जोरात, इकडे की तिकडे, आणि चुकले तर ते चुकणंही माझंच होतं. एक-दोनदा चांगलीच चुकले. बाकीच्या तिघी मागे पडल्या. रेश्मा आणि मी शेवटच्या भोकाशी आलो तेव्हा बरोबरीत होतो. तिचा बॉल भोकाच्या ओठावर जाऊन थांबला. ती मागे सरकली आणि चक्क म्हणाली, "मार गं. वाऱ्याकडे बघू नकोस." मला भलामोठा लांब पट्टा ओलांडायचा होता. मी वाकले, वाट बघितली. कशाची ते मला ठाऊक होतं. ते आलं नाही. मग मी मला वाटलं तेवढ्या जोरानं मारलं. बॉल सरळ गेला, भोकाला वळसा घातला, आम्हा सगळ्यांना एकदा नीट बघून घेतलं, आणि आत गेला. व्हरांड्यातून साहेबांचा आवाज आला, "काय झालं? अरे कुणीतरी सांगा, काय झालं?" आणि सगळ्यात आधी रेश्मानं मला उचललं.

गुप्ते बाईंनी हात मिळवला. म्हणाल्या, "जागा तुझी. पण उद्यापासूनच राहावं लागेल, आणि घरच्यांची परवानगी पाहिजे." आम्ही नवव्या भोकाकडे गेलो. त्या बायकांची जेवणाची सुट्टी झाली होती. आमचं गाठोडं सुटलं होतं, आमची भाकरी त्यांच्या डब्यांत आणि त्यांची भाजी मायच्या हातावर, आणि माय हसत काहीतरी सांगत होती. आम्हाला बघून तिनं नवा घास तोंडात घातला.

"गयाबाई," गुप्ते बाई म्हणाल्या, "तुमच्या मुलीला आम्ही वर्षभर ठेवून घेऊ इच्छितो. तुमची काही हरकत?"

मायनं घास संपवला, हात झटकले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला काहून इचारून राहिले? तिलाच इचारा. मघापासून तिचं तिलाच कळून राहिलंय."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं एवढं आठवतं. संध्याकाळच्या गाडीनं माय परत निघाली. फाटकाशी तिनं माझ्या केसांवरून हात फिरवला, पोटात खाल्ल्याशिवाय खेळू नको म्हणाली, रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडली आणि गेली. बुटांचं नाव तिनं तेव्हा काढलं नाही, नंतरही कधी काढलं नाही. कॉलनीत मात्र तिनं सांगितलं म्हणे, की पोरगी खेळत होती तेव्हा मी मस्त सावलीत बसून जेवले.

मला त्या रात्री झोप आली नाही. ओळखीचं कुणी नव्हतं, साहेब तेवढे गावाच्या दुसऱ्या टोकाला. सकाळी उपाशीपोटीच मी नवव्या ग्रीनपाशी गेले. त्या बायका आधीच कामाला बसल्या होत्या. त्यांच्यातली सगळ्यात वयस्क, कौसल्याबाई, हातातलं खुरपं खाली ठेवून उठली. तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं.

"गयाबाईची तूच ना?"

"हो."

"खाल्लंस का काही?"

मी मान हलवली, नाही म्हणून.

"वाटलंच. तुझी आई सांगून गेलीय, ही उपाशी असली की बॉल वाकडा मारते." तिनं झाडाच्या फांदीला टांगलेली पिशवी काढली, डब्याचं झाकण उघडलं, आणि बाकीच्यांना हाक मारली, "ए, सरका गं जरा. हिला बसू द्या."